धावण्याने वजन उतरते काय?

पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले आमच्या सीमाभागातील खेड्यांना नवीन नाहीत. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. त्यामुळे लष्करभरतीची ओढ इकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटरची धाव ठरलेल्या वेळात पुरी करावी लागते. म्हणून मिसरूड फुटू लागलेले पोर पहाटे चारलाच घराबाहेर पडते, आणि त्याची आई दाराशी कंदील नाहीतर विजेरी घेऊन उभी राहते. हे दृश्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे.

परंतु अलीकडे त्याच रस्त्यावर दुसरे लोकही धावताना दिसू लागले आहेत. कुणी चाळिशी ओलांडलेला शिक्षक, कुणी आखातातून दहा वर्षांनी परत आलेला गृहस्थ, कुणी दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार. आणि क्वचित, पदर कमरेला खोचून भरभर चालणाऱ्या दोघीतिघी भगिनी. ह्या मंडळींना भरती नको आहे, ओहोटी हवी आहे. डॉक्टरांनी काट्यावर उभे करून आकडा दाखवला, रक्तातली साखर सांगितली, आणि "वजन कमी करा" असे म्हणून चिठ्ठी हातात दिली. आता हे वजन उतरवायचे कसे? कुणीतरी सांगितले, "धावा." म्हणून ते धावू लागले.

ह्या विषयावर आम्हांस वारंवार प्रश्न विचारले जातात. त्यांत दोन तट स्पष्ट दिसतात. एक तट म्हणतो की धावले की चरबी मेणासारखी वितळते, मग खाण्यापिण्याची चिंता करावयास नको. दुसरा तट म्हणतो की धावणे हे पोरांचे काम. चाळिशीनंतर धावल्यास गुडघे जातात आणि हृदय बंद पडते. हे दोन्ही तट अर्धवट माहितीवर उभे आहेत. अर्धवट माहितीने कुणाचे पैसे गेले तर ते पुन्हा मिळवता येतात. प्राण गेला तर तो परत येत नाही. म्हणून हा विषय आज थोडा विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे पाहू की खेड्यात ही अडचण आलीच कशी. आमच्या आजोबांच्या पिढीत कुणी वजन कमी करण्यासाठी धावत नव्हते, कारण वजन वाढावयास सवडच नव्हती. विहिरीचे पाणी खांद्यावरून येई, दळण जात्यावर होई, नांगर माणूस धरी, आणि बाजाराला पायी जावे लागे. आज पाणी नळाला येते, पीठ गिरणीतून येते, वाटण यंत्रात होते, नांगरट ट्रॅक्टर करतो आणि देवळापर्यंतचे अर्धे मैल अंतरही आपण दुचाकीवर जातो. ह्या सोयी वाईट आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जात्यावर ज्या मायबहिणींचे हात झिजले त्यांस विचारून पाहावे! परंतु श्रम कमी झाले आणि ताट मात्र तेच राहिले. किंबहुना ताटात तेल, साखर आणि तळलेले पदार्थ वाढले. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के लोकांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे आढळले. जवळजवळ प्रत्येक चौथा माणूस! हा आता केवळ शहरातील शेटजींचा रोग राहिलेला नाही.

बसून राहण्याचा परिणाम काय होतो, ह्याचा एक सुंदर पुरावा लंडन शहरातून मिळाला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तेथील दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्या नोकरांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध केले. एकाच गाडीवर दोन माणसे काम करीत. चालक दिवसभर आसनावर बसून असे. वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसातून शेकडो पायऱ्या चढे आणि उतरे. पगार जवळजवळ सारखा, शहर एक, हवा एक. तरीही हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण वाहकांत चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. पुढे मॉरिस यांनी ह्या नोकरांच्या गणवेशांची मापेही तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेत अधिक रुंद निघाल्या. शिंप्याचा फीता असा वैद्यकशास्त्राच्या कामी आला!

कमरेच्या मापाची ही गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे ह्या विषयाचा अभ्यास केला आहे. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉक्टर युडकिन यांनी स्वतःचीच शरीरे उदाहरणादाखल जगापुढे ठेवली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१ टक्के! भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसला तरी त्याच्या पोटात चरबी दडलेली असू शकते, आणि मधुमेहाला तीच आमंत्रण देते. म्हणून आपल्या देशातील तज्ज्ञांनी असे ठरवले आहे की पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीच्या कमरेचा ८० सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये. काटा घरात नसला तरी शिवणाचा फीता बहुतेक घरांत असतो. आज संध्याकाळीच तो बाहेर काढावा.

आता धावण्याकडे वळू. सामान्य, वयस्क, पोट सुटलेल्या माणसाने आरोग्यासाठी सावकाश धावावे, ही कल्पना फार जुनी नाही. तिचा उगम न्यूझीलंड देशात झाला. आर्थर लिडियार्ड हा तेथील ऑकलंड शहरात जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा मनुष्य. तिशीच्या आतच आपल्याला दम लागतो हे पाहून त्याने स्वतःवर प्रयोग करून धावण्याची पद्धत बसवली, आणि पुढे शेजारपाजारच्या तरुणांना शिकवली. १९६० च्या रोम येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग ह्या दोघांनी सुवर्णपदके जिंकली व बॅरी मॅगी ह्याने मॅरेथॉन शर्यतीत कांस्यपदक मिळवले. परंतु आम्हांस लिडियार्ड मोठा वाटतो तो वेगळ्याच कारणाने. त्याने वजन वाढलेल्या आणि हृदयविकारातून उठलेल्या प्रौढ माणसांनाही रस्त्यावर आणले आणि सांगितले, शर्यत लावू नका. शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच गतीने धावा.

१९६२ च्या डिसेंबरात अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला गेले. वय पन्नाशीच्या पुढचे. लिडियार्डच्या मंडळीबरोबर टेकडीवर धावताना ते मागे पडले, आणि त्यांना सोबत करावयास थांबला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक म्हातारा! मोठमोठ्या धावपटूंना शिकवणाऱ्या ह्या गुरूने त्या दिवशी पुन्हा शिष्य व्हावयाचे ठरवले. काही आठवडे तेथे राहून ते दररोज धावले, कमरेने बारीक झाले, आणि परत गेल्यावर आपल्या युजीन गावच्या लोकांना त्यांनी मैदानावर बोलावले. लोक इतक्या संख्येने जमू लागले की उत्साहाच्या भरात कुणी दगावेल अशी त्यांस भीती वाटली. तेव्हा वॉल्डो हॅरिस ह्या हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी क्रमाक्रमाने वाढणारा अभ्यासक्रम आखला आणि १९६७ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्याचे सार एवढेच की आधी चालावे, मग थोडे धावून पुन्हा चालावे, आणि शरीराला शिकवावे, पण ताणू नये.

येथवर सर्व गोड झाले. आता हिशेबाची कडू गोळी घेऊ. कारण वाचकांची निराशा बहुधा ह्या हिशेबाच्या अज्ञानातून होते.

अन्नातील शक्ती उष्मांकांत मोजतात. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावल्यास शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे एक उष्मांक खर्च होतो. म्हणजे ७० किलो वजनाचा मनुष्य एक किलोमीटर धावला की सुमारे ७० उष्मांक गेले. तेच अंतर चालून गेल्यास ह्याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत खर्च होतो. उलट बाजूस, अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांकांचे साठवण. आता भागाकार करावा. केवळ धावून एक किलो चरबी उतरवावयाची तर ह्या गृहस्थाला ११० किलोमीटर धावावे लागेल. बेळगावहून पणजीला जाण्याइतकी जवळजवळ ही मजल झाली!

आता ताटाकडे पाहू. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी म्हणजे सुमारे २०० उष्मांक. ती फेडावयास तीन किलोमीटर धावावे लागते. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर. बाटलीतले गोड थंड पेय ३०० मिलिलिटर घेतले तर सुमारे १३० उष्मांक. फेणीचे साठ मिलिलिटर म्हणजे सुमारे १४० उष्मांक, आणि तिच्याबरोबर जे तळलेले येते त्याचा हिशेब निराळा. शंभर ग्रॅम शेव-फरसाण म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. आठ किलोमीटरची ही मजल पाच मिनिटांत तोंडातून आत जाते. चमचाभर साखर वीसच उष्मांकांची, परंतु दिवसातून चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे धरले तर १६० उष्मांक झाले. पाहुणा आला की पाचवा चहा होतो, हे आम्ही येथे धरलेलेच नाही.

ह्यावरून काय निघते? समजा, एखादा ७० किलो वजनाचा गृहस्थ आठवड्यातून पाच दिवस रोज तीन किलोमीटर धावतो. आठवड्याचे १,०५० उष्मांक गेले. ताटात काही फरक केला नाही तर एक किलो उतरावयास सात आठवडे लागतील. तोच गृहस्थ जर रोजच्या जेवणातून एक मोठा चमचा तेल कमी करील आणि दोन चहांतील साखर वगळील, तर रोज २०० आणि आठवड्याला १,४०० उष्मांक वाचतील. घामाचा थेंबही न गाळता धावण्यापेक्षा अधिक! आणि दोन्ही एकदम केली तर तीन आठवड्यांत एक किलो उतरू शकेल. आम्ही "शकेल" असे म्हणतो, कारण शरीर हे वाण्याच्या वहीसारखे नेमके चालत नाही. श्रम वाढले की भूक वाढते, आणि धावून आलेला मनुष्य उरलेला दिवस नकळत अधिक बसून काढतो. टांझानिया देशातील हाड्झा नावाचे लोक आजही रानात शिकार करून व कंद खणून जगतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की इतके चालूनही, शरीराच्या आकाराच्या मानाने, त्यांचा दिवसाचा एकूण शक्तिव्यय अमेरिकेतील बैठ्या माणसांहून फारसा वेगळा नव्हता. शरीर एकीकडे खर्च झाला की दुसरीकडे काटकसर करते.

म्हणून पहिल्या तटाला आमचे सांगणे असे की धावणाऱ्याने "मी आज धावलो, आता दोन भजी अधिक चालतील" हा विचार सोडून द्यावा. ह्या एका विचाराने जितक्या लोकांचे श्रम वाया घालवले तितके आळसानेही घालवले नसतील. वजन उतरते ते मुख्यतः स्वयंपाकघरात.

मग धावावयाचे कशाला, असे कुणी विचारील. ह्याचे उत्तर भक्कम आहे. केवळ खाणे कमी करून वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शरीर हालते ठेवले तर ते बऱ्याच अंशी टिकतात. पोटातील ती दडलेली चरबी नियमित श्रमाने कमी होते, आणि कित्येकदा काटा जागचा हलला नाही तरी फीता हललेला दिसतो. स्नायू कामाला लागले की ते रक्तातील साखर उचलतात; रक्तदाब उतरतो, झोप लागते, मन हलके होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतरलेले वजन टिकवण्यास व्यायामासारखा सोबती नाही. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी राखले आहे. त्यांतील बहुतेक सर्वांनी आहारात बदल केला, आणि दहांपैकी नऊ जण रोज सुमारे तासभर व्यायाम करतात. त्यांत अधिकतर लोक साधे चालतात. उतरवणे हे ताटाचे काम आणि राखणे हे पायांचे काम, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

आता दुसऱ्या तटाकडे वळू, ज्याला धावण्याची भीती वाटते. ह्या तटापाशी एक मोठे उदाहरण आहे, आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे.

जिम फिक्स नावाचा एक अमेरिकन लेखक होता. १९६७ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्याचे वजन सुमारे ९७ किलो होते आणि तो दिवसाला सिगारेटची दोन पाकिटे ओढीत असे. त्याने धावावयास सुरुवात केली. दहा वर्षांत त्याचे वजन सुमारे २७ किलोंनी उतरले आणि सिगारेट सुटली. १९७७ साली त्याने धावण्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि त्याच्या शब्दाने असंख्य माणसे रस्त्यावर आली. पुढे २० जुलै १९८४ रोजी, व्हर्माँट प्रांतातील हार्डविक गावी, रोजची धाव घेत असता तो रस्त्याच्या कडेला कोसळला आणि मरण पावला. वय अवघे ५२. शवचिकित्सेत असे आढळले की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्याच्या रोहिण्या चरबी साचून मोठ्या प्रमाणात बंद झाल्या होत्या. एक तर ९५ टक्के.

ही बातमी ऐकून खुर्चीत बसलेल्या मंडळींनी पुष्कळ टाळ्या पिटल्या. "पाहा, धावला आणि मेला!" परंतु थोडे खोल पाहिले पाहिजे. फिक्सच्या वडिलांना ३५ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि ४३ व्या वर्षी ते वारले. मुलगा वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक जगला. ती वर्षे धावण्याने दिली की आणखी कशाने, ह्याचा निवाडा कुणी करू शकणार नाही. परंतु एक गोष्ट उघड आहे. घराण्यात हृदयविकार, तरुणपणी सिगारेट आणि वजन, एवढे असूनही सुटलेल्या पोटाबरोबर जुना धोकाही संपला असे समजणे बरोबर नव्हते. व्यायामाचे मोठे पुरस्कर्ते डॉक्टर केनेथ कूपर यांनी पुढे नमूद केले की हृदयाची चाचणी करून घेण्याची सूचना फिक्सने स्वीकारली नव्हती. धावणे चांगले खरे, परंतु ते तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून ज्यांचे वय चाळिशीच्या पुढे आहे, ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, जे विडी-सिगारेट ओढतात, किंवा ज्यांच्या घरात कुणी कमी वयात हृदयविकाराने गेले आहे, अशांनी धावावयास सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांस भेटावे. मधुमेहासाठी गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर डोस आणि खाण्याची वेळ विचारूनच घ्यावी. धावताना साखर एकाएकी उतरून घेरी येऊ शकते. खिशात साखरेची पुडी ठेवावी. आणि धावताना छातीत दडपण आले, दुखणे जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकू लागले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "थोडे राहिले आहे, पुरे करू" असे म्हणू नये. तत्काळ थांबावे आणि दवाखाना गाठावा. "वायू झाला असेल" असे म्हणून सोडा पिऊन निजलेली किती माणसे पुन्हा उठली नाहीत, हे प्रत्येक गावाच्या दफनभूमीला ठाऊक आहे.

गुडघ्यांविषयी थोडे. चालताना एक पाय सदैव जमिनीवर असतो. धावताना क्षणभर दोन्ही पाय अधांतरी होतात, आणि मग सारे शरीर एका पायावर उतरते. त्या पायावर अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. निरोगी गुडघा हा भार सहन करतो. बेताने धावणाऱ्यांचे गुडघे बैठ्या लोकांच्या गुडघ्यांपेक्षा अधिक झिजतात असे आढळलेले नाही. परंतु ज्याचे वजन आजच नव्वदीच्या पुढे आहे आणि ज्याने वीस वर्षांत धाव म्हणून घेतलेली नाही, त्याने पहिल्याच दिवशी धावत सुटणे म्हणजे न ओळखलेल्या बैलाला एकदम भरल्या गाडीला जुंपणे होय.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. पहिले चार आठवडे केवळ चालावे. रोज अर्धा तास, भरभर. नंतर पाच मिनिटे चालून मग एक मिनिट सावकाश धावावे, दोन मिनिटे चालावे. असे सहा-सात वेळा करावे आणि शेवटी पाच मिनिटे चालून थांबावे. दर आठवड्याला धावण्याचा वेळ थोडा वाढवावा. आठवड्यातून तीन-चार दिवस धावणे पुरे. मधल्या दिवशी चालावे, म्हणजे स्नायूंना विसावा मिळतो. गतीची कसोटी लिडियार्डने दिलेलीच ठेवावी. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे; बोलताना धाप लागत असेल तर गती कमी करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे की आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, जसे भरभर चालणे, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे श्रम, जसे धावणे, प्रत्येक प्रौढाने करावेत. ह्यात धावणे न जमणाऱ्यानेही खंत करावी असे काही नाही. तो अधिक वेळ चालेल, एवढाच फरक.

चपलेवर धावू नये. भारी किमतीचे नकोत, पण पायाला नीट बसणारे कापडी बूट असावेत. डांबरापेक्षा मातीची वाट किंवा शाळेचे मैदान बरे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी परतावे, पावसाळ्यात शेवाळलेली वाट टाळावी. अंधारात पांढरा सदरा घालावा आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. आमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरला दिवा असतोच असे नाही. अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून घाम काढण्याचा एक खुळा प्रकार आहे. त्याने उतरते ते पाणी. दोन तांबे पाणी प्यायले की वजन परत येते, आणि मधल्या वेळात उष्माघात होण्याची भीती. तसेच पोटाचेच व्यायाम करून पोटाचीच चरबी जाईल, असेही होत नाही. चरबी कोठून आधी उतरावी हे शरीर ठरवते, आपण नव्हे.

उपवासकाळात काही लोक विचारतात की उपाशीपोटी धावल्यास दुप्पट लाभ होईल काय. उपवास हा आत्म्याच्या शिस्तीसाठी असतो. त्याला कंबर बारीक करण्याच्या कामी लावू नये. आणि दिवसभर उपाशी राहून रात्री दुप्पट जेवणाऱ्याला ना हा लाभ, ना तो.

शेवटी एक गोष्ट आम्हांस कळकळीने सांगावयाची आहे. आमच्या खेड्यांतून पुष्कळ माणसे धावणे सोडून देतात ती दम लागल्यामुळे नव्हे. ती लाजेमुळे सोडतात. जाड मनुष्य रस्त्याने धावू लागला की कट्ट्यावर बसलेले चारजण हसतात. बाई धावली, निदान भरभर चालली, तर "हिला घरात काम नाही काय?" असे शेजारणीच म्हणतात. ज्या सासूने सुनेच्या मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दरमहा पैसे मोजले, तीच तिला सकाळचा अर्धा तास मोकळा द्यावयास तयार नसते. वाचकहो, ह्यात काही न्याय आहे काय? आईने आरोग्य राखले तर घर राखले जाते. नवऱ्याने सकाळचा चहा स्वतः टाकला आणि मुलांचे डबे मोठ्या मुलाने भरले, तर बाईला तो अर्धा तास मिळतो. एवढ्याने घराची अब्रू जात नाही. आणि स्त्रियांनी दोघीतिघींनी मिळून निघावे, म्हणजे कुत्र्यांचेही भय नाही आणि कट्ट्यावरच्यांचेही नाही.

कट्ट्यावर बसून हसणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे की जो धावतो आहे तो निदान आपल्या आळसाशी झुंजतो आहे. संत पौलाने ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा दिली, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या उपमेत बसून पाहणाऱ्याला कुठे स्थान दिसत नाही. हसावयाचे असेल तर त्या माणसाबरोबर चार पावले चालून मग हसावे.

आणि धावणाऱ्यांस सांगणे असे की रोज काट्यावर उभे राहून मन खट्टू करून घेऊ नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी वजन पाहावे आणि महिन्यातून एकदा कमरेला फीता लावावा. महिन्याला एक-दीड किलो उतरले तरी ते पुष्कळ झाले. जे वजन दहा वर्षांत चढले ते दहा दिवसांत उतरावे असा हट्ट धरू नये. घाईने उतरवलेले घाईनेच परत येते. भात-भाकरी बेताची, भाजी व कडधान्ये अधिक, तेल व साखर मोजून, आणि पाय रोज हालते. ह्यापेक्षा मोठे रहस्य कुणी विकावयास आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

पुढच्या रविवारी मिस्सेला येताना ज्यांचे घर दीड-दोन किलोमीटरच्या आत आहे त्यांनी दुचाकी घरीच ठेवून मुलाबाळांसह पायी यावे, अशी आमची सूचना आहे. धावण्याचे पुढे पाहू. चालण्याला सुरुवात करावयास डॉक्टरांची चिठ्ठी सहसा लागत नाही, आणि नवे बूटही लागत नाहीत.